दोघींच्या नावाचे खाते: संयुक्त बचत खात्याच्या सेवेचे परीक्षण

समलिंगी विवाहाला कायद्याने मान्यता द्यावी की नाही, हा वाद आपल्याकडे बहुतेक वेळा संस्कृती, धर्म आणि निसर्ग या तीन शब्दांभोवतीच फिरत राहतो. परंतु सर्वोच्च न्यायालयात त्यावर सुनावणी चालू असताना एका टप्प्यावर तो बँकेच्या खात्यापाशी येऊन थांबला होता. विवाहाच्या मान्यतेचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तरी एकत्र राहणाऱ्या समलिंगी जोडप्यांना संयुक्त खाते उघडणे किंवा विम्यात जोडीदाराचे नाव लावणे यांसारख्या गोष्टी कशा मिळतील, असे घटनापीठाने २७ एप्रिल २०२३ रोजी केंद्र सरकारला विचारले. त्यावर ३ मे रोजी सॉलिसिटर जनरल तुषार मेहता यांनी सांगितले की, कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून प्रशासकीय पातळीवर काय करता येईल ते सरकार पाहील. विवाह नको, पण अडचणी सोडवू, अशी ती भूमिका होती. मी आणि माझी जोडीदार आता जे खाते वापरतो, ते या भूमिकेचे प्रत्यक्षात उतरलेले एक फळ आहे, आणि म्हणून त्या सेवेचे परीक्षण करताना त्या भूमिकेचेही परीक्षण होणे मला अटळ वाटते.

बँकेचे नाव मी लिहीत नाही. एका शाखेला दोष देऊन हा विषय संपणार नाही, आणि ज्या कर्मचाऱ्यांनी आम्हाला मदत केली त्यांनाही विनाकारण त्रास होऊ नये, अशी माझी इच्छा आहे.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी लागलेल्या निकालात पाचही न्यायमूर्तींचे दोन बाबींवर एकमत होते: राज्यघटनेने विवाहाचा मूलभूत हक्क दिलेला नाही, आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात समलिंगी जोडप्यांचा समावेश न्यायालयाने आपल्या अधिकारात करू नये. मतभेद होता तो पुढच्या पायरीवर. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. संजय किशन कौल यांनी अशा जोडप्यांना एकत्र राहण्याचे कायदेशीर बंध जोडण्याचा हक्क आहे असे म्हटले, तर न्या. रवींद्र भट, न्या. हिमा कोहली आणि न्या. नरसिंह यांनी तो अमान्य केला. त्यामुळे तीन विरुद्ध दोन अशा मताने विवाहाखेरीज दुसरा कोणताही कायदेशीर दर्जाही मिळाला नाही. समितीचे आश्वासन मात्र निकालात नोंदले गेले. एप्रिल २०२४ मध्ये समितीची अधिसूचना निघाली. २१ ऑगस्ट २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने सर्व शेड्युल्ड व्यापारी बँकांना स्पष्टीकरण पाठवले आणि २८ ऑगस्टला अर्थ मंत्रालयाच्या वित्तीय सेवा विभागाने जाहीर सूचना काढली. एलजीबीटीक्यू समुदायातील व्यक्तींना संयुक्त खाते उघडण्यास, तसेच खातेदाराच्या मृत्यूनंतर शिल्लक रक्कम मिळावी म्हणून आपल्या जोडीदाराचे नामनिर्देशन करण्यास कोणतेही निर्बंध नाहीत, असा तिचा आशय आहे.

या सूचनेने नवा हक्क दिला असे समजणे चुकीचे ठरेल. दोन बहिणी, दोन मैत्रिणी किंवा एका धंद्यातले दोन भागीदार पूर्वीही संयुक्त खाते उघडू शकत होते, आणि आम्हीही मैत्रिणी म्हणून ते केव्हाही उघडू शकलो असतो. सूचनेचे महत्त्व दुसरीकडे आहे: खिडकीपलीकडच्या माणसाला आता नाही म्हणण्याचे कारण उरत नाही, आणि खिडकीअलीकडच्या माणसाला खोटे नाते सांगण्याची गरज उरत नाही. या दोन गोष्टी लहान नाहीत. अनेक वर्षे घरभाड्याच्या करारात मावसबहिणी आणि सोसायटीच्या नोंदवहीत सहकारी म्हणून वावरलेल्या माणसाला पहिल्यांदा खरे नाते सांगून काम होते, तेव्हा त्या सुविधेची किंमत शुल्काच्या तक्त्यात मोजता येत नाही.

सेवेच्या तांत्रिक बाजूबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही. दोघींचे आधार, पॅन, छायाचित्रे आणि सह्या एवढ्यावर केवायसी पूर्ण झाले. पहिल्या आणि दुसऱ्या खातेदाराला स्वतंत्र डेबिट कार्डे मिळाली, मोबाइल अ‍ॅप दोघींच्या फोनवर चालते, आणि घरभाडे, वीज, गॅस, किराणा हे सगळे एकाच ठिकाणाहून जाऊ लागल्यापासून महिनाअखेरीचा हिशेब करण्याची गरज राहिलेली नाही. व्याजाची नोंद पहिल्या खातेदाराच्या पॅनवर होते, हे मात्र कोणी आपणहून सांगत नाही. पहिले नाव कोणाचे लावायचे हे ठरवण्याआधी ते विचारून घ्यावे.

व्यवहाराची पद्धत निवडताना शाखेतल्या अधिकारीबाईंनी दाखवलेली काळजी मी विशेष नोंदवते. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’, म्हणजे दोघींपैकी कोणीही व्यवहार करू शकेल आणि एकीच्या पश्चात दुसरीला रक्कम मिळेल, हा पर्याय आमच्यासाठी योग्य आहे हे त्यांनी न विचारता समजावून सांगितले. दोघींच्या सह्या लागणारा पर्याय घेतला असता, तर आजारपणात तोच अडसर झाला असता. संयुक्त खात्यातल्या दोघी एकमेकींच्या नॉमिनी होऊ शकत नाहीत, कारण नामनिर्देशन लागू होते ते सर्व खातेदारांच्या पश्चात, हेही त्यांनीच सांगितले. त्यामुळे तिथे आम्ही माझ्या भाचीचे नाव लावले, आणि आपापल्या स्वतंत्र मुदत ठेवींवर एकमेकींची नावे लावली.

अडचण आली ती नात्याच्या रकान्यात. बँकेच्या संगणकात पहिल्या खातेदाराशी असलेले नाते निवडण्यासाठी ठरावीक यादी आहे: पती, पत्नी, आई, वडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, इतर. आम्ही दोघींनी ‘जोडीदार’ लिहावे असे सांगितल्यावर काही वेळ शांतता पसरली, मग एका ज्येष्ठ अधिकाऱ्यांनी विचारले, ‘मॅडम, विवाहाचे प्रमाणपत्र आहे का? नाहीतर प्रतिज्ञापत्र तरी करून आणा.’ त्यांच्या स्वरात हेटाळणी नव्हती, गोंधळ होता. आम्ही मंत्रालयाच्या सूचनेची छापील प्रत पुढे ठेवली. ती त्यांनी दोनदा वाचली, कोणाला तरी फोन केला, आणि अखेर यादीतला ‘इतर’ हा पर्याय निवडून काम पुढे सरकवले. प्रतिज्ञापत्र लागले नाही. जे प्रमाणपत्र आम्हाला द्यायला देशातला कोणताही कायदा तयार नाही, तेच प्रमाणपत्र त्यांनी मागितले यात त्यांचा दोष कमी आहे. बँकेच्या मुख्यालयाने परिपत्रक स्वीकारले, पण संगणकातली यादी बदलली नाही आणि शाखांना चार ओळींचे मार्गदर्शनही पाठवले नाही. दोष असलाच तर तो तिथे आहे. यादीत एक शब्द वाढवायला कायद्यात दुरुस्ती लागत नाही. ग्राहक सेवा केंद्रावर फोन केला असता, अशा सूचनेची माहितीच नसल्याचे उत्तर मिळाले, तेही याच कारणाने.

एवढ्यावर थांबले तर परीक्षण अनुकूलच म्हणावे लागेल, आणि खाते म्हणून ते तसे आहेही. पण सरकारने न्यायालयात मांडलेला युक्तिवाद असा होता की, विवाहाची मान्यता न देताही अडचणी दूर करता येतात. तेव्हा ज्या दिवसासाठी माणसे संयुक्त खाते उघडतात, त्या दिवशी, म्हणजे दोघींपैकी एक नसेल तेव्हा, हे खाते काय करते, हे पाहिल्याशिवाय त्या युक्तिवादाची परीक्षा होत नाही.

खातेदाराच्या मृत्यूनंतर बँक रक्कम हयात खातेदाराच्या हाती देते. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बँकेने त्या वेळी हयात खातेदाराला वा नॉमिनीला स्पष्ट सांगायचे असते की, ही रक्कम तो मृताच्या कायदेशीर वारसांचा विश्वस्त म्हणून स्वीकारत आहे, आणि तिच्यावर इतर कोणाचा हक्क असेल तर तो या देण्यामुळे संपत नाही. म्हणजे बँक आपल्या जबाबदारीतून मोकळी होते. पैसा कोणाचा हा प्रश्न शिल्लक राहतो. सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या बाबतीत १९८४ मध्ये आणि समभागांच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितले आहे: नॉमिनी हा रक्कम स्वीकारणारा हात आहे, मालकी वारसा कायद्याने ठरते. आता वारसा कायदा पाहावा. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे अविवाहित, अपत्यहीन स्त्रीने स्वतः कमावलेली मालमत्ता मृत्युपत्राच्या अभावी तिच्या आईवडिलांकडे जाते. वीस वर्षे एका घरात राहिलेल्या जोडीदाराला त्या यादीत पहिले, दुसरे किंवा शेवटचेही स्थान नाही. नोंदणी झालेल्या विवाहात मात्र, विवाहाला एक दिवस झालेला असला, तरी पती किंवा पत्नी वारस असते. तिला बँकेत जाऊन कोणता पर्याय निवडला होता हे आठवावे लागत नाही.

यावर उपाय मृत्युपत्र हा आहे, आणि तो आम्ही केला. दोन साक्षीदारांच्या सहीने ते पुरे होते, नोंदणी सक्तीची नसली तरी आम्ही ती करून घेतली. परंतु मृत्युपत्राला आव्हान देता येते, आणि ज्या कुटुंबाने मुलीचे नाते हयातीत मान्य केले नाही, ते तिच्या पश्चात न्यायालयात जाणार नाही याची खात्री कोणता वकील देईल? विवाहाने जे आपोआप मिळते ते कागद करून मिळवायचे, आणि मग प्रत्येक कागद टिकवण्यासाठी लढायची तयारी ठेवायची, असा हा मार्ग आहे.

जिवंतपणीच्या व्यवहारांतही हेच चित्र दिसते. त्याच बँकेत आम्ही गृहकर्जाची चौकशी केली. सहकर्जदार म्हणून पती-पत्नी, आईवडील, मुले यांची नावे चालतात, असे कर्ज विभागाने सांगितले. संयुक्त खाते आहे एवढ्याने नाते सिद्ध होत नाही, असेही सांगितले. एकाच इमारतीच्या तळमजल्यावर आम्ही जोडीदार होतो आणि पहिल्या मजल्यावर एकमेकींना परक्या. पुढे चौकशी वाढवली तेव्हा लक्षात आले की, माझ्या जोडीदाराने स्वतःचे निवासी घर उद्या माझ्या नावे बक्षीसपत्राने केले, तर महाराष्ट्रात पती-पत्नींना त्यासाठी दोनशे रुपये मुद्रांक शुल्क पडते, आणि आम्हाला मात्र विक्रीला लागते तसे टक्केवारीने भरावे लागेल. आयकराचे तेच: पतीने पत्नीला दिलेली भेट कितीही मोठी असली तरी घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जात नाही, पण नातेवाईक नसलेल्या व्यक्तीकडून वर्षभरात पन्नास हजार रुपयांपेक्षा जास्त मिळाले तर ते करपात्र होते. या तरतुदीला एका समलिंगी जोडप्याने २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले आहे. आयुर्विम्यात २०१५ च्या दुरुस्तीने आईवडील, पती-पत्नी आणि मुले यांना नॉमिनी केले तर रक्कम खरोखर त्यांच्याच मालकीची होते. जोडीदाराला नॉमिनी केले तर ती पुन्हा विश्वस्तच. अशा प्रत्येक ठिकाणी विवाह हा शब्द कायद्याच्या आत बसवलेला आहे, आणि बँकेच्या खात्याची किल्ली त्या दारांना लागत नाही.

सरकारच्या बाजूने सर्वांत गंभीर मुद्दा मांडला गेला तोही हाच होता, फक्त त्यातून निघालेला निष्कर्ष उलटा होता. विवाहाचा संबंध सुमारे १६० कायद्यांशी येतो, पती आणि पत्नी हे शब्द त्यांत स्वतंत्र अर्थाने वापरलेले आहेत, वयाची अट पुरुषाला २१ आणि स्त्रीला १८ अशी वेगळी आहे, तेव्हा न्यायालयाने एका कायद्यात एक शब्द बदलला तर बाकीच्यांची घडी विस्कटेल. हे काम संसदेचे आहे, असे सॉलिसिटर जनरलांचे म्हणणे होते. हा युक्तिवाद मी हलका मानत नाही. न्या. भट यांनीही आपल्या निकालपत्रात या जोडप्यांना लाभ नाकारल्याने त्यांच्यावर अन्याय होतो हे मान्य करूनच, नवी कायदेशीर संस्था उभी करणे न्यायालयाच्या हाती नाही असे म्हटले. पण विवाह इतक्या कायद्यांत मुरलेला असेल, तर एका परिपत्रकाने एक खाते उघडून त्या विवाहाची उणीव भरून निघेल असे मानता येत नाही. एकतर विवाह ही एवढी मोठी गोष्ट आहे की ती नाकारल्याने १६० कायद्यांत माणूस उघडा पडतो, किंवा ती एवढी लहान आहे की समितीच्या सूचनांनी तिची जागा घेता येते. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही.

संसदेत हा विषय अगदीच आला नाही असेही नाही. सुप्रिया सुळे यांनी १ एप्रिल २०२२ रोजी लोकसभेत विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारे खासगी विधेयक मांडले होते. खासगी विधेयकांचे जे बहुधा होते तेच त्याचे झाले. न्यायालयाने पुनर्विचार याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्यावर, आता चेंडू निर्विवादपणे संसदेकडे आहे.

वादाची आणखी एक बाजू आमच्याच लोकांतून येते आणि ती ऐकून घेतली पाहिजे. विवाहाची मागणी ही पगारदार, शहरी, घर घेऊ शकणाऱ्या जोडप्यांची मागणी आहे, आणि ज्यांना घरच्यांकडून मारहाण, कोंडून ठेवणे, बळजबरीचे लग्न यांना तोंड द्यावे लागते त्यांना संयुक्त खात्याचा काय उपयोग, असे अनेक कार्यकर्ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने घरच्यांनी अडवून ठेवलेल्या एका तरुणीला मुक्त करताना, कुटुंब उभे करण्याचा विवाह हा एकच मार्ग नाही आणि स्वतः निवडलेले कुटुंब ही संकल्पना आता मान्य झाली आहे असे म्हटले. त्या तरुणीसाठी तो निकाल कोणत्याही बँकेच्या सुविधेपेक्षा अधिक मोलाचा होता. तरीही मला वाटते की कायद्याने नात्याला नाव दिले की त्याचा पहिला उपयोग दुबळ्यालाच होतो. पोलीस चौकीत मृत्युपत्र दाखवून चालत नाही, पासबुक दाखवूनही चालत नाही; प्रमाणपत्र चालते. पैसेवाल्याला वकील करून प्रत्येक कागद वेगळा बांधून घेता येतो, गरिबाला एकच कागद परवडतो.

जबाबदारीचा मुद्दा तर या वादात फार क्वचित ऐकू येतो. संयुक्त खात्यातून दोघींपैकी कोणीही एका दुपारी सगळी रक्कम काढू शकते आणि दुसरीला दाद मागायला जवळजवळ काहीच हाती राहत नाही. विवाह मोडला तर पोटगी आहे, निर्वाहाचा दावा आहे, न्यायालयात विचारले जाणारे प्रश्न आहेत. एकीने नोकरी सोडून दुसरीच्या आजारी आईची दहा वर्षे सेवा केली आणि मग नाते तुटले, तर त्या दहा वर्षांचा हिशेब मागण्याची सोय आज कुठेही नाही. विवाह मागणारी माणसे सवलती मागत आहेत असे समजले जाते. ती बांधिलकीही मागत आहेत, आणि ती त्यांना कोणी घेऊ देत नाही.

इतरांनी यातून कोणते मार्ग काढले, याची माहिती समितीसमोर नक्कीच असेल. डेन्मार्कने १९८९ मध्ये नोंदणीकृत सहजीवनाचा कायदा केला, ब्रिटनने २००४ मध्ये, आणि दोन्ही देश पुढे विवाहापर्यंत आले. तैवानने २०१९ मध्ये आणि थायलंडने जानेवारी २०२५ पासून थेट कायद्याने विवाहाला मान्यता दिली. नेपाळमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशानंतर नोव्हेंबर २०२३ मध्ये पहिली नोंदणी झाली. आशियातल्या समाजांना हे पेलणार नाही, असे म्हणण्याला आता पूर्वीइतका आधार उरलेला नाही.

आता पुन्हा खात्याकडे. ज्या जोडप्यांचा खर्च एकत्र चालतो त्यांनी ते अवश्य उघडावे, असा माझा सल्ला आहे. अ‍ॅपवरून उघडण्याचा प्रयत्न न करता शाखेत जावे, कारण अ‍ॅपमध्ये नात्याची यादी बंदिस्त असते आणि तिथे समजावून सांगायला माणूस नसतो. २८ ऑगस्ट २०२४ च्या सूचनेची छापील प्रत जवळ ठेवावी आणि प्रतिज्ञापत्र मागितले तर ते कोणत्या नियमाने मागितले जात आहे, हे नम्रपणे पण लेखी विचारावे. आपापली जुनी स्वतंत्र खाती बंद करू नयेत. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींवर चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात, तेव्हा जोडीदाराबरोबर आईवडिलांचेही नाव ठरावीक टक्केवारीने लावून पुढचा तंटा काही अंशी टाळता येईल. आणि खाते उघडले त्याच आठवड्यात मृत्युपत्र करावे. एक दुसऱ्याशिवाय अपुरे आहे.

बँकेला आम्ही लेखी कळवले आहे की नात्याच्या यादीत ‘जोडीदार’ हा पर्याय घालावा, शाखेतल्या फलकावर या सूचनेचा मराठी मजकूर लावावा, आणि गृहकर्ज विभागाने संयुक्त खातेदार जोडीदाराला सहकर्जदार म्हणून स्वीकारावे. पहिल्या दोन मागण्यांवर विचार चालू असल्याचे उत्तर आले. तिसरीबद्दल विभागाने कळवले की, नात्याचा कायदेशीर पुरावा सादर केल्यास अर्जाचा विचार करता येईल.